ज्या घरी 'बसा' म्हणत नाहीत

यमुनाबाईंच्या घरी आलेल्या माणसाला कोणी 'बसा' म्हणत नाही. पाणी मिळते, चहा मिळतो, विचारपूस तर गरजेपेक्षा अधिक मिळते. परंतु हे सर्व उभ्याने स्वीकारावे लागते. घरात खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर कायम ज्वारीचा डबा विराजमान असतो. सतरंजी आहे, पण ती गुंडाळून कपाटाच्या माथ्यावर अशा उंचीवर ठेवलेली आहे की ती खाली काढता काढता बसण्याची इच्छाच मावळावी.

मी प्रथम त्या घरी गेलो तेव्हा हा प्रकार मला ज्ञात नव्हता. सुरतेजवळच्या कडोदऱ्यात एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, मी निवृत्तीपर्यंत कामगार न्यायालयाच्या बाबी सांभाळल्या. लवादापुढे मला खुर्ची मिळाली आहे, कारखाना निरीक्षकापुढे मिळाली आहे, एकदा तर मालकाच्या मालावर जप्ती घेऊन आलेल्या बेलिफानेही मला आधी बसवले आणि मग जप्ती केली. सुरतेत, लिंबायतमधल्या आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावर ती नाकारली जावी, हे मला सहन झाले नाही. "बसायला काही आहे की नाही?" असे मी स्पष्ट शब्दांत विचारले.

"घर शे ना, आप्पा," यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या. "पन ते बठाले नही. उभं ऱ्हावाले."

मूळच्या धुळ्याकडच्या असलेल्या या बाईंना सोसायटीतल्या सर्व स्त्रिया जिजी म्हणतात. अंगाने सडपातळ, पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि त्यांवर नऊवारी. त्यांच्या साऱ्या शास्त्राचे सार एका वाक्यात आहे आणि ते वाक्य त्या दिवसातून इतक्या वेळा उच्चारतात की आमच्या जिन्यातला पोपटही ते म्हणतो: "बठनी का गंजनी!" बसली की गंजली. यमुनाबाईंचे यजमान हयात होते तोवर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते, त्यामुळे शरीराविषयीची त्यांची प्रत्येक उपमा लूमपासून निघते आणि लूमपाशीच येऊन थांबते. "दिवाळीनी सुट्टी झाल्यावर पहिल्या दिवशी लूम कसं रडस, ऐकेल शे का कधी? तसाच बाईना गुडघा रडस. बंद ठेवा म्हणून."

मी तेथे गेलो होतो तो तक्रारीच्या संदर्भात. माझे घर शेवटच्या मजल्यावर. माझ्या डोक्यावर अगाशी, म्हणजे गच्ची, आणि त्या अगाशीवर उजाडण्यापूर्वी सोसायटीतल्या बायका एका रांगेत गोल गोल चालत. केवळ चालत असत्या तर मी कदाचित दुर्लक्ष केले असते. मध्येच त्या टाळ्या वाजवीत, मध्येच एका पायावर उभ्या राहत, आणि तोल गेला की सगळ्या मिळून हसत. माझ्या निजण्याच्या खोलीचे छत म्हणजे कवायतीचे मैदान झाले होते. मी रीतसर पत्र लिहिले. विषय: सामाईक अगाशीचा अनधिकृत वापर व त्यायोगे होणारा उपद्रव. प्रत माहितीस्तव: सोसायटीचे चिटणीस, महानगरपालिकेचे विभागीय कार्यालय व पोलीस चौकी. शेवटी ठळक अक्षरांत लिहिले की सदर पत्राची पोच सर्व संबंधितांनी समक्ष द्यावी.

पोच मिळाली. यमुनाबाईंनी त्या वाक्याचा अक्षरशः अर्थ लावला आणि एकेका बाईला स्वतंत्रपणे तीन मजले चढवून माझ्या दाराशी धाडले. बेल वाजे. दारात धापा टाकणारी एक गृहिणी. "पत्र भेटनं, आप्पा." ती उतरते न उतरते तोच दुसरी. "पत्र भेटनं, आप्पा." दुपारपर्यंत हे चालले. खाली उभ्या राहून यमुनाबाई कोणाला किती दम लागला ते पाहत होत्या. तेव्हाच मला कळून चुकले की या बाईंशी पत्रव्यवहार करणे म्हणजे त्यांना व्यायामाची साधने पुरवणे होय, आणि म्हणून मी स्वतः खाली उतरलो. उतरलो, म्हणजे त्यांनी मलाही जिना उतरवला आणि चढवला, हे माझ्या ध्यानात नंतर आले.

वाचकांस वाटेल की ह्या रिकामटेकड्या बायकांचे चाळे. तसे समजणाऱ्यांस आमच्या गल्लीतली दुपार एकदा दाखवली पाहिजे. येथे घरोघर साड्यांचे गठ्ठे येतात. साडीवर टिकल्या व खडे चिकटवणे, लेस लावणे, लोंबणारे धागे कापणे ही कामे बायका घरी बसून करतात. 'बसून' हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. सकाळचा स्वयंपाक उरकून मांडी घातली की ती दिवेलागणीला मोडते. मान खाली, पाठ वाकलेली, पायाला मुंग्या. दिवसभर राबूनही शरीर हलत नाही, असे हे विचित्र काम. त्यातून चहा, त्याबरोबर फाफडा, संध्याकाळी कंटाळा आला की भात. मग पस्तिशीत गुडघे, चाळिशीत रक्तदाब आणि पंचेचाळिशीत साखर. दवाखान्यात जावे तर कागदावर लिहून मिळते: रोज चालावे. कोठे चालावे? पदपथावर मोटारसायकली, मोटारसायकलींवर साड्यांचे गठ्ठे, उरलेल्या जागेत टेम्पो, आणि टेम्पोच्या मागे उघडे गटार. कोठे चालावे हे कोणी लिहून देत नाही. पदपथ मोकळा करण्याबाबत मी महानगरपालिकेस जी पत्रे लिहिली त्यांची पोच मात्र समक्ष कोणीही दिली नाही!

यमुनाबाईंनी पत्र लिहिले नाही. त्या घरोघर शिरल्या आणि त्यांनी गोंदाच्या बाटल्या उचलल्या. चिकटवणारी बाई पुढच्या खोलीत, तर बाटली मागच्या खोलीत. कात्री माळ्यावर. टिकल्यांची पाकिटे एका घरात, साड्यांचा गठ्ठा दुसऱ्या घरात. चार टिकल्या लावल्या की बाईला उठलेच पाहिजे अशी ही रचना. माल देणारा मुकादम खवळून आला. "जिजी, तुम्ही माझ्या कामाची वाट लावता!"

"तू दिनभर उभा फिरस, म्हनीसन तुनी कंबर ताठ शे," यमुनाबाई त्याला म्हणाल्या. "एक दिवस मांडी घालीसन बस. मग माले शिकाड." त्याला त्यांनी खरोखरच बसवले. आमच्या सोसायटीत त्यांनी कोणास 'बस' म्हटल्याचे हे एकच उदाहरण, आणि ती शिक्षा होती. तासाभरात तो भिंतीला धरून उठला व पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अगाशीच्या तक्रारीसंबंधी बोलणी करण्याकरिता यमुनाबाई माझ्या घरी वर आल्या, आणि त्यांनी आमच्या सौभाग्यवतींना, सुशीलाबाईंना, पाहिले.

सुशीलाबाई खिडकीजवळच्या दिवाणावर होत्या. त्या तेथेच असत. साखर, रक्तदाब आणि दोन्ही गुडघे या तिघांनी मिळून त्यांना तेथे बसवले होते. त्यांना त्रास होऊ नये म्हणून टीव्हीचा रिमोट, पाण्याची बाटली, गोळ्यांची डबी, फोन, पंख्याचे बटण, सर्व काही हाताच्या अंतरावर येईल अशी व्यवस्था मी केली होती. खाली उतरणे त्यांनी सोडून दिले होते. तीन मजले, लिफ्ट नाही. बिल्डरने नकाशात दाखवलेल्या लिफ्टच्या जागी आज पाण्याची टाकी आहे आणि त्याबाबत माझी तक्रार ग्राहक मंचापुढे प्रलंबित आहे. सुशीलाबाईंची इच्छा एकच उरली होती. श्रावणात आमच्या खानदेशी लोकांत कानबाई देवी बसते. दुसऱ्या दिवशी तिला डोक्यावर घेऊन, वाजतगाजत, सगळ्या बायका तापीपर्यंत पोचवायला जातात. कित्येक वर्षे सुशीलाबाई ती मिरवणूक खिडकीतून पाहत आणि वरूनच हात जोडीत. "एकदा तरी मी माझ्या पायांनी ओवाऱ्यापर्यंत जाईन," असे त्या म्हणत. ओवारा म्हणजे तापीचा घाट. आमच्या घरापासून तो पुष्कळ दूर आहे.

यमुनाबाईंनी दिवाणाकडे पाहिले, रिमोटकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आप्पा, तुम्ही हिले देव्हारामा बसाडी दिधं."

"ही व्यवस्था डॉक्टरांच्या..."

"देवले बरं शे. त्याले गुडघा नही." आणि मग सुशीलाबाईंना, "काय वं माय, तापीवर येनं शे का?"

सुशीलाबाईंचे डोळे एकदम भरून आले. बोलल्या मात्र रागाने. "जिजी, चेष्टा नका करू. मला न्हाणीघरापर्यंत दम लागतो."

"मग न्हाणीघरपासून सुरू करू."

त्या गेल्या तेव्हा रिमोट स्वयंपाकघरातल्या मांडणीवर होता, पाण्याची बाटली गॅलरीत होती आणि फोन दाराजवळच्या खुंटीला पिशवीत टांगलेला होता. गोळ्यांची डबी तेवढी त्यांनी जागच्या जागी ठेवली. अगाशीच्या तक्रारीसंबंधी चर्चा झालीच नाही.

पुढचे काही आठवडे मी माझ्या घरात जे सोसले ते येथे नमूद करतो. पहाटे बेल. "सुशी, ऊठ वं!" दारापर्यंत व परत. मग जिन्याच्या एका वळणापर्यंत व परत, हात कठड्याला, यमुनाबाई एक पायरी खाली, पडली तर अंगावर घेण्याच्या तयारीत. "दम लागना का? लागना तर थांब. बठू नको. श्वास घे." सुशीलाबाई चिडत, रडत, यमुनाबाईंना नाही नाही ते बोलत. "तुमच्या घरी कोणी नाही का छळायला?" असे एकदा म्हणाल्या. यमुनाबाई हसल्या व म्हणाल्या, "नही ना. म्हनीसनच वर येस."

मग स्वयंपाकघरावर धाड आली. भात कमी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, पानात आधी भाजी आणि काकडी, मग बाकीचे. रविवारचा लोचो, म्हणजे वाफवलेल्या डाळीचा तो मऊ सुरती पदार्थ, मात्र त्यांनी बंद केला नाही. सुरतेत राहून लोचो सोडणे अमानुष आहे हे त्यांना मान्य होते. अट अशी की तो फोनवरून मागवायचा नाही. ज्याला खायचा त्याने चालत जाऊन आणायचा, आणि दुकानापासून घरापर्यंत पुडी उघडायची नाही. या अटीचा अंमल माझ्यावरही झाला. मी लेखी हरकत नोंदवली. लोचो आणायला जाताना ती त्यांच्या हाती दिली.

मध्यंतरी एक प्रसंग असा घडला की मी खरोखरच कायद्याची पुस्तके काढली. सुशीलाबाई जिन्याची दोन वळणे उतरू लागल्या होत्या, त्या आनंदात त्यांनी एकादशीला निर्जळा उपास धरला. यमुनाबाईंनी उत्साहाने पाठिंबा दिला. "पोटालेबी एक दिवस सुट्टी!" म्हणाल्या. परंतु साखरेची गोळी सकाळी नेहमीप्रमाणे घेतली गेली. दुपारी सुशीलाबाईंना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले. यमुनाबाई गोंधळून पाठ चोळीत राहिल्या. मी रिक्षा आणली. डॉक्टरीणबाईंनी साखरेचे पाणी पाजले आणि सुशीलाबाई सावध झाल्यावर आम्हा सर्वांची अशी खरडपट्टी काढली की माझ्यासारख्या माणसालाही आपले म्हणणे मांडण्यास वाव मिळाला नाही. गोळी घ्यायची आणि खायचे नाही, हा व्यायाम नव्हे, खेळ आहे जिवाशी, असे त्या म्हणाल्या. चालणे वाढले तर गोळी कमी करावी लागते, आणि ती किती करायची हे जिजी ठरवणार नाहीत.

त्या संध्याकाळी मी नोटीस लिहायला घेतली. निष्काळजीपणा, अनधिकृत वैद्यकीय सल्ला, नुकसानभरपाई. दारात कोणीतरी उभे असल्याचे जाणवले. यमुनाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. आत येत नव्हत्या.

"लिहा आप्पा. मना नावनं लिहा. चुकी मनी शे."

ज्या पक्षाने असा बिनशर्त कबुलीजबाब दिला त्याच्याविरुद्ध पुरावा जमवण्यात मला रस उरत नाही. सुशीलाबाई आतून क्षीण आवाजात म्हणाल्या, "त्या नोटिशीत माझं नाव घातलंत तर बघा." मी कागद बाजूला ठेवला.

तेव्हापासून यमुनाबाईंच्या शास्त्रात एक कलम वाढले: "गोयी डाक्टरनी, पाय मना." गोळी डॉक्टरांची, पाय माझे. आणि पदराच्या टोकाला त्या गाठ मारू लागल्या. त्या गाठीत खडीसाखर असते. साऱ्या गल्लीला साखरेवरून फैलावर घेणारी ही बाई सुशीलाबाईंच्या बरोबर पाऊल टाकण्यापूर्वी ती गाठ चाचपून पाहते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

परिणाम काय झाला, हे सांगताना मी अतिशयोक्ती टाळतो. मला तिची सवय नाही. सुशीलाबाईंचे वजन फारसे उतरले नाही. वजनकाट्याने आमच्याशी असहकार पुकारला होता. यमुनाबाईंना त्याचा इतका राग आला की त्यांनी त्याला लाथ मारली. "काट्याकडे पाहू नका, जिन्याकडे पाहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि ते खरे ठरले. रक्ताच्या तपासणीत साखर खाली आली, रक्तदाब ताळ्यावर आला, एक गोळी अर्धी झाली. गुडघे दुखत, पण पूर्वीसारखे आडवे येत नसत. झोप लागू लागली. सर्वांत मोठा बदल कोणत्याही तपासणीत दिसणारा नव्हता: सुशीलाबाई जिन्यात भेटलेल्या बायकांशी भांडू लागल्या. आयुष्यात पुन्हा रस आल्याचे याहून खात्रीचे लक्षण मला ठाऊक नाही. पहाटे आता माझ्या छतावर उमटणाऱ्या पावलांत एक पाऊल त्यांचेही होते. थोडे जड, थोडे घसटणारे. ते मी ओळखू लागलो होतो. अगाशीसंबंधीचे माझे पत्र मी मागे घेतलेले नाही. ते फक्त प्रलंबित आहे.

श्रावण आला. यमुनाबाईंच्या घरी कानबाई बसायची होती; त्या घरात बसण्याचा मान एवढ्या एकाच देवीला आहे. आमच्या खानदेशात यासाठी गहू मुठीने घेतात, घरातल्या एकेका माणसाच्या नावाने एकेक मूठ. त्या गव्हाच्या पुरणपोळ्या व्हायच्या. यालाच रोट म्हणतात. रोटाचा नियम कडक. तो घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्यास द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. सुशीलाबाई मदतीला खाली गेल्या होत्या, त्यांनी येऊन सांगितले, "जिजींनी केवढा गहू घेतला! मुलाच्या नावानं, सुनेच्या, दोघा नातवंडांच्या, गावाकडच्या दिराच्या कुटुंबाच्या... नाव घ्यायच्या आणि मूठ टाकायच्या. सगळे येणार आहेत म्हणे."

यमुनाबाईंचा मुलगा बेंगळुरूला नोकरीस आहे. तो येणार म्हणून त्या आठवडाभर दुप्पट वेगाने चालत होत्या.

रविवारी कानबाई बसली. सोमवारी निघाली. यमुनाबाईंनी डोक्यावर घेतली होती, कॅनव्हासच्या बुटांवर नऊवारी, पाठीमागे ढोल आणि नाचणाऱ्या बायका. मी कडेकडेने चालत होतो. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत एक घडीचे स्टूल होते. ते मी सुशीलाबाईंना दाखवले नव्हते. वाटेत "चिरंजीव दिसले नाहीत?" असे मी यमुनाबाईंना विचारले. मान न वळवता, देवी सावरत, त्या म्हणाल्या, "उद्या येस, आप्पा. नातूनी परीक्षा शे."

सुशीलाबाई चालल्या. एका दुकानाच्या पायरीशी थांबल्या, रंग उतरला, माझा हात पिशवीकडे गेला. यमुनाबाई डोक्यावरच्या देवीसकट मागे वळल्या. "टेकू नको. श्वास घे. खडीसाखर शे पदरमा." सुशीलाबाईंनी यमुनाबाईंच्या पदराची गाठ सोडली, एक खडा तोंडात टाकला, आणि पुन्हा निघाल्या. ओवाऱ्याच्या पायऱ्या उतरून त्यांनी तापीचे पाणी डोळ्यांना लावले, तेव्हा मी तोंड दुसरीकडे वळवले. स्टूल घडीतच परत आले.

मंगळवारी सर्वजणी दमल्या असतील म्हणून अगाशी शांत होती, हे मी समजू शकलो. परंतु बुधवारी पहाटे शांततेने मला जाग आली. छतावर काही नाही. सुशीलाबाईही जाग्या होत्या. "जिजी आल्या नाहीत," एवढेच म्हणाल्या, आणि उठून, कठड्याला हात न लावता, माझी वाट न पाहता खाली गेल्या. मी मागोमाग.

दार लोटलेले होते. यमुनाबाई जमिनीवर बसल्या होत्या.

मांडी घालून, भिंतीला पाठ लावून, पुढ्यात परात. परातीत पुरणपोळ्यांची चळत. हातात अर्धी पोळी. डोळे सुजलेले. आम्हाला पाहून त्या उठू लागल्या, पण पोट जड झाले होते. एक हात जमिनीला टेकून तशाच राहिल्या.

"काय व्हयनं, जिजी?" सुशीलाबाई त्यांच्या बोलीत शिरल्या.

"कोनी उनं नही वं." त्यांनी पोळीकडे पाहिले. "पोऱ्या म्हने, आई, यंदा जमत नही. दीर म्हने, गाडीले गर्दी शे. मी मुठी तर घेयेल. हाई मना पोऱ्यानी मूठ शे. हाई नातूनी. फेकता येत नही. दुसराले देता येत नही." मग जणू गुन्ह्याची कबुली देत असाव्यात तसे, "दोन दिवस उभ्यानंच खादं. आते घास उतरत नही म्हनीसन बठनी."

सोमवारपासून ही बाई एका कुटुंबाचे जेवण एकटी जेवत होती. गल्लीभर भाकऱ्यांवर पाळत ठेवणारी ही बाई, न आलेल्या प्रत्येक माणसाच्या नावाने पुरणपोळी गिळत होती.

सुशीलाबाई त्यांच्या शेजारी खाली बसल्या. "सरका. नातवाची मला द्या."

"नको!" यमुनाबाईंनी परात ओढून घेतली. "एक तर तू भाऊबंदमा नही. दुसरं, तुले साखर शे. पुरन शे हाई!"

दोन्ही हरकती ग्राह्य होत्या. दोघींनी माझ्याकडे पाहिले. मी उभाच होतो. त्या घरात मला अन्य स्थितीची सवय नव्हती. मी घसा साफ केला.

"प्रतिकूल ताबा," मी म्हणालो, "म्हणून कायद्यात एक तत्त्व आहे. एखादी व्यक्ती दुसऱ्याच्या मिळकतीत उघडपणे, सातत्याने, मालकाच्या मर्जीविरुद्ध शिरत राहिली आणि मालकाने तिला वेळीच हाकलले नाही, तर कालांतराने तिचा तेथे हक्क निर्माण होतो. यमुनाबाई, तुम्ही माझ्या घरात रोज पहाटे शिरता. उघडपणे शिरता, बेल वाजवून. माझ्या मर्जीविरुद्ध शिरता, याचा लेखी पुरावा माझ्याकडे आहे. माझ्या रिमोटची जागा तुम्ही ठरवता. कायद्याने सांगितलेली मुदत भरलेली नाही, हे खरे. परंतु मुदतीचा मुद्दा उपस्थित करणे न करणे माझ्या हाती आहे आणि मी तो सोडून देत आहे. सबब तुम्ही आमच्या घरच्या आहात. तुमच्या रोटावर आमचा हक्क सिद्ध होतो."

यमुनाबाईंची परातीवरची पकड सैल झाली. "हाई खरंच कायद्यामा शे का, आप्पा?"

"मी आजवर खोटे पत्र लिहिलेले नाही."

त्यांनी एक पोळी घेतली, तिचा चतकोर मोडला आणि सुशीलाबाईंच्या तळहातावर ठेवला. "एवढंच. आणि आज दुपारी भात नको." दुसरी अख्खी पोळी माझ्याकडे सरकवली. "हाई मना पोऱ्यानी." मी ती घेतली. गार झाली होती, कडेला थोडी वाळली होती. मी तिचा कणही खाली पडू दिला नाही.

घास घशात अडकून यमुनाबाईंना ठसका लागला. त्या पाण्यासाठी हात टेकून उठू पाहत होत्या. "बसा, यमुनाबाई," मी म्हणालो. त्या घरात हा शब्द माझ्या तोंडून प्रथमच गेला. आणि त्या बसल्या. पाठ भिंतीला टेकली, पाय लांब केले, आणि इतक्या काळाचा थकवा एकदम चेहऱ्यावर येऊ दिला.

पाणी मागच्या खोलीत होते. त्यांच्या घरात पाणी नेहमी मागच्या खोलीतच असते. सुशीलाबाई उठल्या. भिंतीला हात नाही, माझा हात नाही, जमिनीला टेका नाही. तोंडात चतकोराचा घास, हातात रिकामा पेला, आणि एका दमात सरळ उभ्या.

यमुनाबाई खालून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. 'ऊठ' कोणीही म्हटले नव्हते.